मागच्यासाठी दिवा



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे कॉम्प्युटरला सक्तीची सुट्टी होती. आता दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतंय, आणि गंमत म्हणजे लिहायचंय ते अंधाराबद्दल!

विषय निघाला तो नातवामुळे. २०२५ च्या मे महिन्यात देशभर नागरी संरक्षणाची प्रात्यक्षिकं झाली, तुम्हाला आठवत असेलच. ७ मे ही तारीख होती. टीव्हीवर सारखं 'ब्लॅकआउट, ब्लॅकआउट' चाललं होतं. नातवानं विचारलं, "आजोबा, ब्लॅकआउट म्हणजे लाईट जाणं ना? ते तर आपल्याकडे नेहमीच होतं." मी म्हटलं, "बाळा, लाईट जाणं वेगळं आणि आपण होऊन घालवणं वेगळं."

मग मला १९७१ आठवलं. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि काही कामासाठी मुंबईला मामाकडे लालबागच्या चाळीत राहिलो होतो. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध सुरू झालं. खिडक्यांच्या काचांना काळे-खाकी कागद लागले. कुणाच्या घरातून उजेडाची तिरीप दिसली की खालून आरोळी यायची, "ए तिसरा मजला, दिवा बंद कर!" टॅक्सींच्या पुढच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगानं रंगवलेला असायचा. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. पुढेही कितीतरी दिवस मुंबईत अर्धे रंगवलेले दिवे दिसत राहिले, कारण रंग खरवडायला सवड कुणाला?

त्या वयात मला वाटायचं की ब्लॅकआउट म्हणजे फक्त दिवे घालवणं. ते तसं नाही, हे मला सत्तरी ओलांडल्यावर एका जुन्या जीपनं शिकवलं. आज तीच गोष्ट सांगायचीय.

माझ्या पुतण्याला जुन्या गाड्यांचं वेड आहे. दोनेक वर्षांपूर्वी त्यानं कुठल्याशा गोठ्यामागे पडलेली एक जीप उचलून आणली. १९४४ सालची विलीज! दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर ज्या हिंदुस्थानात राहिल्या त्या लष्करानं विकून टाकल्या. आमच्या लहानपणी त्यांना 'डिस्पोजलची जीप' म्हणत. इलेक्शनला, शिकारीला, मळ्यावर खत न्यायला, सगळीकडे हीच. पुढे महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जीपची जुळणी सुरू केली, तरी जुनी माणसं कुठल्याही जीपला डिस्पोजलचीच म्हणायची.

दुसरं महायुद्ध कोल्हापूरपासून फार लांब झालं असं आपल्याला वाटतं. पण इथून जवळच वळिवड्याला १९४३ पासून पाचेक हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, येऊन राहिले होते, आणि आपल्या गावागावांतली पोरं आफ्रिकेत, इटलीत, ब्रह्मदेशात गेली होती. माझे वडील त्यांतलेच एक. त्यांच्याकडे नंतर येतो.

जीप उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींच्या शेडमध्ये उभी राहिली. इंजिन झालं, गिअरबॉक्स झाला, रंग झाला. शेवटी गाडी वायरिंगला आली आणि तिथे सगळं अडलं. कारण साध्या गाडीला लागतात त्यापेक्षा हिला दिवे जास्त. पुढे नेहमीचे दोन हेडलाईट. त्यांच्या खाली जाळीत दोन चिमुकले दिवे, मांजराच्या डोळ्यांसारखे. डाव्या मडगार्डवर टोपी घातलेला एक वेगळाच दिवा. मागे दोन्ही बाजूंना एकेक डबी आणि प्रत्येक डबीत वर-खाली दोन दिवे. पुतण्या म्हणाला, "तात्या, तुम्ही वाचणारं माणूस. ही भानगड काय आहे बघा की जरा." निवृत्त मास्तराला कुणी अभ्यास दिला की त्याला दुसरं काय हवं! इंटरनेटवर त्या काळच्या लष्करी पुस्तिकांचे नकाशे मिळतात. शब्दकोश घेऊन बसलो आणि महिनाभर तेच केलं.

मडगार्डवरचा टोपीवाला दिवा गाडी चालवण्यासाठी. त्याच्या टोपीमुळे उजेड वर अजिबात जात नाही, फक्त चाकांपुढच्या थोड्या जमिनीवर पसरतो. जाळीतले मांजरडोळे रस्ता दाखवतच नाहीत. 'मी इथे आहे' एवढंच ते समोरच्याला सांगतात.

खरी करामत मागे आहे. मागच्या ब्लॅकआउट दिव्यात लाल काचेच्या चार बारीक खिडक्या असतात, दोन-दोनच्या जोडीनं. मागून येणारा ड्रायव्हर साठ फुटांपेक्षा जवळ आला तर त्याला चारही ठिपके वेगळे दिसतात. साठ ते एकशे ऐंशी फुटांच्या दरम्यान असला तर प्रत्येक जोडी मिसळून एक होते आणि दोनच ठिपके दिसतात. त्याहून मागे पडला तर सगळं मिळून एकच ठिपका. म्हणजे चार दिसले तर सावकाश घे, एक दिसला तर जरा पुढे ये, दोन दिसतायत तोवर ठीक चाललंय. अंधारात अंतर मोजायची ही फूटपट्टी! यात ना यंत्र, ना आकडा. लांबच्या दोन बारीक वस्तू आपल्या डोळ्याला एकच दिसतात, या डोळ्याच्या मर्यादेचाच उपयोग करून घेतलाय. वर्गात प्रकाशाचा धडा शिकवताना हे माहीत असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

आता वायरिंग. डॅशबोर्डवर दिव्यांचं एक ओढायचं बटण आहे. पहिल्या टप्प्यापर्यंत ओढलं की फक्त ब्लॅकआउटचे दिवे लागतात : पुढचे मांजरडोळे आणि मागचे ठिपके. त्याच्यापुढे ते ओढलं जात नाही. हेडलाईट हवे असतील तर बाजूची एक छोटी कळ दाबून धरायची, मगच बटण पुढच्या टप्प्यावर येतं. का? तर काळोखात, थंडीनं बधिर झालेल्या हातानं, झोपेच्या गुंगीत एखाद्यानं चुकून जास्त ओढलं, तर त्याच्या एकट्याच्या हेडलाईटनं अख्खा ताफा उजेडात येईल. टोपीवाल्या दिव्याचं बटण वेगळं आहे, पण त्याला वीज मिळते ती मुख्य बटण ब्लॅकआउटच्या टप्प्यावर असतानाच. ब्रेकच्या दिव्याचंही तसंच. नेहमीचा ब्रेकलाईट डाव्या डबीत आहे. ब्लॅकआउटच्या टप्प्यावर त्याची वीज तुटते आणि ब्रेक दाबला की उजव्या डबीतला मंद ब्रेकलाईट लागतो. एरवी आपण ब्रेक मारणार आणि मागे लालभडक उजेड पडणार!

थोडक्यात, माणूस चुकणारच हे धरून ही वायरिंग केलेली आहे. चुकला तरी त्याची शिक्षा दुसऱ्याला होऊ नये, एवढीच तिची धडपड.

एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न पडेल. सरळ सगळे दिवे बंद करून जायचं! त्याचं उत्तर इंग्लंडनं भोगलं. तिथे १ सप्टेंबर १९३९ पासून ब्लॅकआउट लागू झाला, म्हणजे युद्ध जाहीर व्हायच्याही दोन दिवस आधी. १९३८ च्या सप्टेंबरात तिथे रस्त्यांवर ५४४ माणसं दगावली होती, १९३९ च्या सप्टेंबरात १,१३०. दुपटीहून जास्त, आणि बॉम्ब अजून पडायचे होते! मग हेडलाईटला चिरा पाडलेले मुखवटे आले, बंपरवर पांढरे पट्टे आले, फेब्रुवारी १९४० मध्ये वस्तीतून रात्री ताशी वीस मैलांची मर्यादा आली. तरी १९४१ साली ९,१६९ माणसं रस्त्यावर मेली. पेट्रोल रेशनवर आणि गाड्या कमी असूनही ब्रिटनमध्ये एका वर्षात रस्त्यावर इतकी माणसं त्याआधी मेली नव्हती आणि त्यानंतरही नाही. शत्रूपासून लपताना माणसं एकमेकांपासूनच लपली, आणि एकमेकांवर आदळली.

आता वडिलांविषयी. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. १९४३ च्या हिवाळ्यात आठव्या इंडियन डिव्हिजनबरोबर इटलीत होते. सांग्रो नदीच्या बाजूला पाऊस आणि चिखल एवढाच देश पाहिला, असं म्हणायचे. त्यांच्या ट्रकला जीपसारखे मांजरडोळे नव्हते. ब्रिटिश पद्धत निराळी होती. मागच्या आखाच्या मधला फुगीर गोळा, ज्याला आपण डिफरन्शियल म्हणतो, त्याला पांढरा रंग द्यायचा आणि त्याच्यावर एक छोटा दिवा सोडायचा. वरून, बाजूनं काही दिसत नाही. मागच्या ड्रायव्हरला मात्र हेलकावणारा एक पांढरा ठिपका दिसतो. रात्रभर त्याच्या मागे जायचं.

आबा १९४६ मध्ये परत आले आणि पुन्हा शेतीला लागले. पुन्हा कधी त्यांनी मोटार चालवली नाही. बैलगाडी मात्र चालवली, आणि तिच्या आखाखाली कंदील टांगल्याशिवाय अंधारात कधी बाहेर काढली नाही. तशी पुष्कळ लोकांची पद्धत होती, पण आबांचा हट्ट जरा विलक्षणच. एकदा बावड्यातच, हाकेच्या अंतरावर गाडी न्यायची होती. कंदिलात रॉकेल नव्हतं. आबा बैल सोडून रॉकेल आणायला गेले. मी चिडलो. म्हटलं, "आबा, चांदणं पडलंय की! आपल्याला दिसतंय न्हवं सगळं." आबा म्हणाले, "आपल्यासाठी न्हाई रं. मागं येणाऱ्यासाठी."

ते असं का म्हणाले, हे मला शेवटच्या आजारपणात कळलं. एका रात्री झोप येत नव्हती म्हणून त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांच्या ट्रकचा तो मागचा दिवा दोन दिवस लुकलुकत होता. धक्का बसला की जायचा, परत धक्का बसला की यायचा. वर्दी द्यायला हवी होती. पण गाडी दुरुस्तीला गेली तर चिखलात पायी हिंडावं लागणार, म्हणून ते बोलले नाहीत. 'आजची रात्र निभंल' असं म्हणून निघाले. डोंगरातलं वळण होतं. कधीतरी दिवा गेला. आपल्या मागे दिवा गेलाय हे पुढच्याला कळत नाही! मागचा ट्रक सरळ गेला. सकाळी खाली दिसला. त्याचा ड्रायव्हर गेला. आबांनी त्याचं गाव सांगितलं, नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. चौकशीत रस्ता खचला असं लिहिलं गेलं म्हणे. आबांना कुणी काही विचारलं नाही, आणि पंचेचाळीस वर्षं त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मी काय बोलणार? "आबा, तुमची काय चूक," असं काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "चूक व्हतीच की. दिवा लुकलुकतूय ह्ये मला ठावं व्हतं."

असो. पुन्हा उद्यमनगरात येऊ.

वायरिंग जोडून झाली. मिस्त्रींनी बटण पहिल्या टप्प्यावर ओढलं. पुढचे दोन्ही लागले, मागचा डावा लागला, उजवा मात्र एकदम मिणमिणता. हात लावला की उजळायचा, सोडला की मंद. मी चटकन स्टुलावरून उठलो. पुतण्या म्हणाला, "तात्या, राहू दे. तसाही तो दिवा कुणी लावणार आहे का? शो साठीच आहे. नाहीतर आत सरळ एलईडी टाकू."

त्याचंही अगदी चुकलं नव्हतं. आजच्या लढाईत अंधारात उष्णता पाहणारी यंत्रं असतात, त्यांच्यापुढे मांजरडोळ्यांची टोपी काय करणार! आणि नुसत्या ब्लॅकआउटच्या दिव्यांवर रस्त्यावर गाडी चालवणं तर बेकायदाच. त्यात २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, पण त्या रोजच्या वापरासाठी चालवायच्या नाहीत, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरत्याच. म्हणजे हा दिवा खऱ्या कामासाठी पुन्हा कधीच लागणार नाही.

पण मी हटून बसलो. म्हटलं, "लुकलुकता दिवा ठेवून ही गाडी शेडच्या बाहेर जाणार नाही." आवाज जरा चढलाच असावा, कारण मिस्त्री हातातलं टाकून माझ्याकडे बघत राहिले.

दोष शोधायला दहा मिनिटं लागली. मिस्त्रींनी बॅटरीच्या ऋण टोकापासून एक सुटी वायर आणली आणि दिव्याच्या डबीला टेकवली. दिवा लख्ख झाला! म्हणजे वीज येत होती, परतीची वाट नीट नव्हती. या गाड्यांत वीज वायरीनं दिव्यापर्यंत जाते आणि गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतते. आम्ही हौसेनं सगळीकडे जाड हिरवा रंग मारला होता, तो डबीच्या बोल्टखालीही गेला होता. रंगातून वीज कशी जाणार? त्यात गाडी सहा व्होल्टची. वाटेत अर्धा व्होल्ट गळाला तर बारा व्होल्टच्या गाडीत तो चोविसावा भाग, इथे बारावा. म्हणून सहा व्होल्टच्या गाडीला वायर जाड लागते आणि प्रत्येक सांधा स्वच्छ लागतो. एलईडीचं म्हणाल तर त्याचा झगमगाट त्या बारीक खिडक्यांना सोसणार नाही. उजेड वाढला की चार ठिपके एकमेकांत मिसळतात आणि फूटपट्टीच मोडते. तिथे मंद बल्बच पाहिजे.

मिस्त्रींनी बोल्ट काढून खालचा रंग पॉलिश पेपरनं पत्र्यापर्यंत घासला आणि बोल्ट पुन्हा आवळला. मी बॅटरी धरून उभा होतो. दिवा लागला, डबी हलवून पाहिली, पाठीमागून ठोकून पाहिली, तरी जाईना. मग शेडमधले दिवे घालवले आणि मी रस्त्यावर मागे मागे चालत गेलो. मोतीबिंदू तेव्हा पिकायला लागला होता, त्यामुळे माझी फूटपट्टी जरा आखूड भरली असेल! पण चाराचे दोन होताना मी पाहिले, आणि दोनाचा एक होतानाही.

तिथेच अंधारात उभं राहून मी पुतण्याला आबांची गोष्ट सांगितली. त्याच्या आजोबांची. त्याला ती माहीत नव्हती. मीही आजवर कुणाला सांगितली नव्हती. तो बराच वेळ काही बोलला नाही.

एवढ्यावर हा लेख संपवला असता. पण आमच्या भागात गळीत हंगाम असतो. रात्री रस्त्यानं ट्रॅक्टर जातात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, उसानं शिगोशीग भरलेल्या. मागे वाडं लोंबत असतं, त्याच्याआड दिवा असला तरी झाकतो, आणि पुष्कळदा तो नसतोच. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला तशीच काळोखात सोडून देतात. माझा एक जुना विद्यार्थी, अक्षर मोत्यासारखं असलेला, काही वर्षांपूर्वी रात्री मोटरसायकलवरून घरी येताना अशाच एका उभ्या ट्रॉलीवर आदळून गेला. मागे दोन लहान मुली. इथे युद्ध नव्हतं, विमानं नव्हती, कुणी ब्लॅकआउट जाहीर केला नव्हता. युद्धात माणसांनी शत्रूपासून लपतानासुद्धा मागच्यासाठी चार ठिपके राखून ठेवले, आणि आपण शांततेच्या काळात तेवढंही करत नाही, याचं वाईट वाटतं. ट्रॉलीवाल्यालाही मी एकट्याला दोष देत नाही. त्यानंही मनात 'आजची रात्र निभंल' असंच म्हटलं असणार.

जीपचा पहिला फेरफटका दिवसाउजेडी झाला, पंचगंगेपर्यंत. जुन्या जीपला मागे नेहमीचा दिवा एकच, म्हणून पुतण्यानं आपणहून दोन लाल रिफ्लेक्टर जास्तीचे लावलेत. गेल्या हंगामात त्यानं आणखी एक केलं. त्याच्या रोजच्या गाडीत लाल रिफ्लेक्टरच्या पट्टीचं एक रीळ आणि कात्री असते. वजनाच्या रांगेत उभ्या असलेल्या ट्रॉल्या दिसल्या की ड्रायव्हरला विचारून मागे चार पट्ट्या चिकटवतो. काही जण हसतात. बरेच जण म्हणतात, "लावा की, आमचं काय जातंय!"

मी विचारलं, "चारच का रे?"

"तात्या, परवडतंय तेवढंच," म्हणाला.

मंडळी, तुमच्या घरातलं कुणी लष्करात ड्रायव्हर असेल तर त्यांना रात्रीच्या प्रवासाबद्दल जरूर विचारा आणि मला कळवा. आणि आज गाडी काढण्यापूर्वी एकदा मागे जाऊन दिवा लागतोय का ते बघा. आपल्याला तो सीटवरून दिसत नाही.